जिल्हा परिषदेची शाळा, दहा महिन्यांनंतर : पट १७

जून २०२४ मध्ये मुलीचं नाव तालुक्याच्या इंग्रजी शाळेतून काढून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला घातलं. भावकीत कुजबुज झाली, धंदा बसला की काय याचा. बसला नव्हता. रोज सातच्या व्हॅनमध्ये घाटात पोर ओकायची, आणि दुसरी संपली तरी मराठी वाचता येईना, इंग्रजी नुसतं पाठ.

वाचनाचं आधी सांगतो. पहिली ते चौथी सतरा पोरं एकाच खोलीत, तिसरीत तिघंच. कोण कुठं अडलं ते गुरुजींना त्याच दिवशी कळतं. आमचीचं घोडं जोडाक्षरांत अडायचं. दिवाळीच्या सुट्टीत तिनं आजीला सोसायटीची थकबाकीची नोटीस घडाघडा वाचून दाखवली. आजीला ती काही आवडली नाही, पण मी खूश! हातच्याची वजाबाकी चिंचोक्यांच्या दहा-दहाच्या पुड्या सोडून शिकली. ‘असर’ म्हणजे ‘प्रथम’ संस्थेची गावोगावची शिक्षणाची पाहणी; तिच्या २०२४ च्या अहवालात गावाकडच्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला, देशभरात. २०२२ मध्ये तर १६.३ टक्केच होते. म्हणजे आमच्या गुरुजींसारखे सगळीकडे नाहीत, हेही खरं.

खिचडी, मटकीची उसळ चांगली असते. गणवेश उशिरा आला, तोही ढगळा. २०२४-२५ ची पुस्तकं चार भागांत होती, मधे वहीसारखी कोरी पानं. पोरीनं त्यावर म्हशी काढल्यात.

आता दुखणं. शिक्षण हक्क कायद्यानं साठ पटापर्यंत दोन शिक्षक. कागदावर दोन आहेतही, पण बाई ऑगस्टपासून कामगिरीवर, म्हणजे तात्पुरत्या, दुसऱ्या शाळेत. उरलेले गुरुजी नोव्हेंबरात विधानसभेच्या कामाला. एरवीही ‘आजच्या आज माहिती भरा’ असा निरोप आला की मोबाईल घेऊन मारुतीच्या पारावर, कारण रेंज तिथंच. तेवढा वेळ चौथीतली एक मुलगी वर्ग सांभाळते. छडीसकट.

पट का घटला म्हणाल, तर आमच्या साताऱ्याकडच्या पाटण-जावळीच्या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडीच्या कामाला. पूर्वी गडी एकटा जायचा, बायकापोरं गावात. आता सगळं बिऱ्हाड हलतं. मागे राहिलेल्यांतले ऐपतवाले व्हॅन लावतात. मी याच शाळेत होतो तेव्हा आम्ही ऐंशीच्या वर होतो, प्रार्थनेला अंगण पुरायचं नाही. ‘असर’ म्हणतं, सहा ते चौदा वयाची सरकारी शाळेतली मुलं २०२२ मध्ये ७२.९ टक्के होती, २०२४ मध्ये ६६.८. करोनात आलेली परत गेली, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो.

परवा गुरुजी दाखलपात्र मुलांची यादी घेऊन दारात आले. चौथीचे पाच जण जूनमध्ये बाहेर पडणार, पहिलीला दोघं येणार. चौदा. त्या दोघांतला एक आमचा धाकटा. अंगठा नको, म्हटलं, सही करतो.