रोटोरुआत एकच दिवस: टे पुइया की गाव, वाइओटापू की वाइमांगू?

न्यूझीलंडला येणारी आपली बहुतेक मंडळी रोटोरुआसाठी एक, फार तर दोन रात्री राखून ठेवतात. ऑकलंडहून गाडीने तीनेक तासांचा रस्ता. पोहोचल्यावर मात्र नेमकं काय बघायचं हे कळेनासं होतं, कारण सगळीकडे वाफ, सगळीकडे गरम कुंडं आणि प्रत्येक माहितीपत्रकावर ‘हाका’ हे पारंपरिक नृत्य करणारे माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे, कलाकार. सगळीकडे तिकीट काढत फिरलात तर कुठलीच जागा मनात राहणार नाही. खरे प्रश्न दोनच आहेत. माओरी जीवन कुठे बघायचं, टे पुइयात की फाकारेवारेवा गावात? आणि ज्वालामुखीची करामत कुठे, वाइओटापूला की वाइमांगूला?

पहिल्या दोन जागा एकाच दरीत, अगदी शेजारी आहेत, मध्ये फक्त कुंपण. (नकाशात गावाचं स्पेलिंग ‘डब्ल्यूएच’ने सुरू होतं, उच्चार ‘फ’चा.)

टे पुइयाची मातब्बरी पोहुतू या गीझरमुळे, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यामुळे. दिवसातून अनेकदा उसळतो आणि जोरात असला की पाण्याचा फवारा ३० मीटरपर्यंत जातो. हा गीझर आज दिसतो यामागे शहराने सोसलेली गैरसोय आहे. घरं आणि हॉटेलं तापवायला लोकांनी जमिनीत इतक्या विहिरी पाडल्या होत्या की गीझर मंदावू लागले. शेवटी १९८० च्या दशकात पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी सरकारने बंद करायला लावल्या आणि दरीत पुन्हा जोर आला. याच आवारात १९६३ च्या कायद्याने उभी राहिलेली माओरी कलांची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे लाकडावर, हाडावर आणि हिरव्या पाउनामू दगडावर कोरीव काम करणारे, हाराकेके या तिथल्या झाडाच्या लांब पात्यांपासून विणणारे विद्यार्थी आपल्यासमोर काम करत असतात. किवी पक्षीही इथेच दिसतो, अंधाऱ्या दालनात. बहुतेक वाटा सोप्या, सगळं आखीव. तिकीट गावापेक्षा बरंच महाग.

गावात आखीव असं फारसं काही नाही, कारण ते लोकांचं राहतं गाव आहे. टुहोउरांगी न्गाती वाहियाओ या माओरी जमातीचे लोक इथले रहिवासी, आणि पाहुण्यांना फिरवणारे वाटाडेही त्यांच्यातलेच. पूल ओलांडून आत गेलं की घराच्या मागच्या दारी वाफ निघताना दिसते. जमिनीत बसवलेल्या लाकडी पेट्यांत त्या वाफेवर जेवण शिजतं. मोठ्या कुंडात जाळीच्या पिशवीतून मक्याची कणसं सोडतात आणि थोड्या वेळात उकडून वर काढतात. त्याच कुंडाचं पाणी पन्हळींतून निवत निवत सामाईक न्हाणीच्या हौदांत जातं. स्मशानातल्या कबरी जमिनीच्या वर बांधलेल्या आहेत, कारण खाली खणायची सोयच नाही, माती तापलेली. हे सगळं दाखवण्यासाठी मांडलेलं नाही, हा इथला रोजचा संसार आहे, आणि माझं मत गावाच्या बाजूने झुकतं ते याचसाठी. पोहुतूसुद्धा गावातल्या एका सज्ज्यावरून दिसतो, थोडा लांबून.

आता दुसरी जोडी. दोन्ही ठिकाणं रोटोरुआच्या दक्षिणेला, टाउपोच्या दिशेने. वाइमांगू आधी लागतं, वाइओटापू त्याच्या पुढे, शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर.

वाइओटापू म्हणजे रंग. शॅम्पेन पूल नावाचं सुमारे ६५ मीटर रुंद वाफाळतं तळं, पाणी ७४ अंशांच्या आसपास, आणि काठावर आर्सेनिक-अँटिमनीच्या संयुगांची भगवी किनार. पुढे पोपटी पाण्याचं कुंड. लेडी नॉक्स गीझर रोज सकाळी सव्वादहाला उडतो, पण साबण टाकून उडवतात, हे माहीत असू द्या. फोटो हवे असतील तर वाइओटापूच. दोन तासांत आटोपतं आणि गर्दीही चिकार असते.

वाइमांगू समजायला एक तारीख लक्षात ठेवावी लागते: १० जून १८८६. त्या रात्री तारावेरा डोंगर फुटला आणि सुमारे १७ किलोमीटरची भेग पडली. अंदाजे १२० माणसं गेली, त्यांत बहुतेक माओरी. रोटोमाहाना तळ्याकाठचे गुलाबी आणि पांढरे सिलिकाचे चौथरे नाहीसे झाले. ते बघायला जगभरातून लोक येत, आणि त्यांना तिथे नेणारे टुहोउरांगीच होते. आज वाइमांगूला आपण चालतो ती दरी त्या रात्रीची आहे. इतकं कोवळं भू-औष्णिक क्षेत्र जगात दुसरं नाही, असं सांगतात. १९०० ते १९०४ या काळात इथे एक गीझर ४०० मीटरपर्यंत उंच उडत होता. १९०३ मध्ये त्याने चार जणांचा बळी घेतला. आता इन्फर्नो क्रेटरमध्ये फिकट निळं पाणी साधारण ३८ दिवसांच्या चक्राने चढतं-उतरतं. वाट उताराची आहे, परतायला बस मिळते, आणि खाली रोटोमाहाना तळ्यात बोटीची फेरी करता येते. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. इथली जमीन अजून घडते आहे.

आणि इथेच दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळतात. घरंदारं राखेखाली गेलेल्या टुहोउरांगींपैकी पुष्कळांना फाकारेवारेवाने आसरा दिला. त्या रात्री साठाहून अधिक लोकांना आपल्या घरात सुखरूप ठेवणारी सोफिया हिनेरांगी ही नावाजलेली वाटाडी पुढे इथेच पाहुण्यांना फिरवू लागली. म्हणून माझी शिफारस सकाळी वाइमांगू आणि दुपारी गाव अशी आहे. आधी दरी बघितली असली की गावातल्या वाटाड्याचं बोलणं वेगळंच ऐकू येतं.

ही जोडी सगळ्यांना मानवेल असं नाही. सोबत गुडघेदुखीचे आजी-आजोबा असतील, किवी पाहायचा हट्ट धरलेली मुलं असतील, किंवा लाकडावरचं कोरीव काम हाच तुमचा जीव असेल, तर टे पुइया घ्या आणि बिनधास्त अर्धा दिवस तिथे काढा. टाउपोकडे पुढे जाणारच असाल आणि वेळ दोनच तास असेल, तर वाइओटापू वाटेवर आहे.

शाकाहारी मंडळींनी हांगीचं, म्हणजे जमिनीच्या उष्णतेवर शिजवलेलं माओरी जेवण बुक करतानाच स्पष्ट सांगावं, कारण मांस आणि भाज्या बऱ्याचदा एकत्र शिजतात. गावातलं कणीस मात्र निर्धास्त खा. सभागृहात जाताना चपला बाहेर, जेवणाच्या टेबलावर चढून बसायचं नाही, आणि घरांचे फोटो विचारून. चांदीची जोडवी-पैंजणं हॉटेलात काढून ठेवा, गंधकाच्या वायूने काळी पडतात. मे महिन्याच्या सुट्टीत आलात तर तिथे शरद संपत आलेला असतो: वाफ दाट दिसते, पण दिवस लहान, म्हणून वाइमांगूला उघडल्या उघडल्या पोहोचा. दोन्ही ठिकाणच्या वेळा आणि बोटीच्या फेऱ्या आदल्या दिवशी तपासून घ्या.