देवबागची घरगुती खानावळ आणि आमची दोन हट्टी ताटे

परीक्षणाला सुरुवात करण्यापूर्वी आमच्या घरातील दोन ताटांची माहिती देणे आवश्यक आहे, कारण या खानावळीला मी दिलेली पसंती तिच्या माशांपेक्षाही या दोन ताटांमुळे आहे. थोरली मुलगी नऊ वर्षांची असून ती केवळ पांढरे अन्न खाते. भात, तूप, मीठ, दही, डाग न पडलेली पोळी आणि मोहरी-कढीपत्ता वेचून काढलेले वरण एवढ्यात तिचा आहार संपतो. धाकटा सहा वर्षांचा आहे. त्याला पदार्थ एक तर कुरकुरीत लागतो किंवा शेवेसारखा लांब लागतो, आणि ताटातील एका पदार्थाचा ओघळ दुसऱ्याला लागला की त्याचे जेवण तिथेच थांबते. वरून पेरलेली कोथिंबीर दोघांनाही चालत नाही. बालरोगतज्ज्ञांनी दोघांच्या वजन-उंचीचा आलेख पाहून काळजीचे कारण नसल्याचा निर्वाळा दिलेला आहे, त्यामुळे घरी आम्ही जेवणावरून फारसे रणकंदन करत नाही. खरी परीक्षा सुट्टीत होते, जेव्हा दिवसाचे तिन्ही वेळचे जेवण परक्या स्वयंपाकघरातून येणार असते आणि आपण भाताबद्दल नक्की काय विचारतो आहोत हे वाढप्याला समजावून सांगावे लागते.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी आणि फोंडा घाटमार्गे मालवणला गेलो. सोबत मेतकुटाची बरणी, कढवलेल्या तुपाची बाटली आणि मुरमुऱ्यांची पिशवी होती. अशा मुलांचे पालक प्रवासाला निघताना कपड्यांआधी या वस्तू भरतात, हे वेगळे सांगायला नको. पहिले दोन दिवस मालवण शहरात मुक्काम होता आणि नंतरचे तीन दिवस देवबागला, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये जमिनीची अरुंद पट्टी उरते आणि पुढे दोघांचा संगम होतो. हे परीक्षण मुख्यतः देवबागच्या खानावळीचे आहे, परंतु तिचे वेगळेपण लक्षात यावे म्हणून आधीच्या दोन जेवणांबद्दल थोडे लिहितो.

पहिले जेवण महामार्गावरील एका मोठ्या, वातानुकूलित उपाहारगृहात झाले. त्याच्या मेनूकार्डात मुलांसाठी रंगीत पान होते आणि त्यावर नूडल्स, फ्रेंच फ्राइज, चीज पिझ्झा असे पदार्थ कार्टूनच्या चित्रांसह छापलेले होते. धाकट्यासाठी नूडल्स मागवताना भाज्या घालू नका असे दोनदा सांगितले होते, तरीही बशीत गाजर, कोबी आणि सिमला मिरचीच्या काड्या होत्याच आणि सगळ्यावर सोया सॉसचा तपकिरी रंग चढलेला होता. मी काट्याने काड्या वेचत बसलो. वेचणे संपेपर्यंत नूडल्स थंड झाल्या होत्या आणि थंड नूडल्स हा त्याच्या लेखी वेगळाच, न खाण्याचा पदार्थ आहे. जगातील सर्व मुलांना हेच ठरावीक पदार्थ आवडतात अशा समजुतीवर ही रंगीत पाने तयार होतात. ज्या मुलांना ते खरोखर आवडतात त्यांच्या आईवडिलांना मुळात अशा पानाची गरजच नसते.

दुसरे जेवण मालवणमधील एका गर्दीच्या, माशांसाठी नावाजलेल्या ठिकाणी झाले. तेथील सुरमई उत्तम होती आणि तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके तर मी अजून विसरलेलो नाही. मात्र भिंतीवर एका थाळीत दोघांनी जेवू नये अशी सूचना होती, भाताची वेगळी वाटी मिळत नव्हती, आणि मुलांसाठीसुद्धा पूर्ण थाळीच घ्यावी लागत होती. मुलीसमोर जो भात आला तो उकड्या तांदळाचा होता. उकडा तांदूळ जाड असतो, लालसर असतो आणि त्याला स्वतःचा असा एक वास असतो. तो कोकणी माणसाला जितका प्रिय, तितकाच पुण्याच्या कोलम भातावर वाढलेल्या मुलीला अनोळखी. तिने भाताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चमचा खाली ठेवला. त्यातच वाढप्याने सवयीने भातावर माशाचे कालवण ओतले. त्याचा यात दोष नव्हता, बाहेर किमान तीस माणसे ताटकळत उभी होती. तरीही चार थाळ्यांचे पैसे देऊन दोघांचेच जेवण झाले आणि रात्री खोलीवर मुरमुरे निघाले, ही वस्तुस्थिती आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही देवबागला पोहोचलो. ही खानावळ म्हणजे एका घराची मागची पडवी आहे. वर कौले, खाली शेणाने सारवलेल्या अंगणाला लागून शहाबादी फरशी आणि चार टेबले. वरच्या बाजूला भाड्याने देण्याच्या तीन खोल्या आहेत. घरमालकीणबाईंना येणारी माणसे आहेत तेवढीच पुरेशी वाटतात आणि प्रसिद्धी नको आहे, म्हणून त्यांच्या इच्छेप्रमाणे खानावळीचे नाव येथे देत नाही. गावात सर्व जण त्यांना काकी म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो.

आदल्या दिवशी जेवण सांगण्यासाठी दूरध्वनी केला तेव्हा कोणता मासा हवा हे काकींनी नंतर विचारले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पोरां काय खातत ता आधी सांगा." मी नेहमीच्या संकोचाने दोघांची यादी सांगितली आणि पुढच्या शेऱ्याची वाट पाहिली, कारण अशा यादीनंतर लाडावून ठेवल्याचा शेरा येतोच. काकींनी फक्त एवढेच विचारले की मुलीला सुरय तांदळाचा भात चालेल का. न उकडलेल्या, पांढऱ्या तांदळाला तिकडे सुरय म्हणतात. त्यांच्या घरात रोज उकडाच शिजतो, परंतु एका लहान टोपात सुरय भात वेगळा लावणे त्यांना अवघड वाटले नाही. दुपारी तो भात वाफाळत, स्वतंत्र वाटीत आणि वर काहीही न घालता आला. आम्ही आमची तुपाची बाटली काढली, तर त्यावरही कोणाची हरकत नव्हती.

धाकट्याचा प्रश्न घावण्यांनी सोडवला. तांदळाच्या पिठाचे अगदी पातळ, न आंबवलेले मिश्रण तापलेल्या बिडाच्या तव्यावर ओतले की त्याला आपोआप जाळी पडते. तव्याला तेल लावण्यासाठी काकी नारळाच्या शेंडीचा कुंचा वापरतात. झाकण काढले की घावणा कडेने सुटतो, आणि तो लगेच खाल्ला तर कडा कुरकुरीत व मध्यभाग मऊ असतो. तो पांढरा असल्यामुळे थोरलीच्या नियमात बसला आणि कडेला कुरकुरीत असल्यामुळे धाकट्याच्या. दोघांनाही एकच पदार्थ चालल्याचा प्रसंग आमच्या घरात क्वचितच येतो. सोबत आलेली काळ्या वाटाण्यांची उसळ आणि ओल्या खोबऱ्याची चटणी वेगवेगळ्या वाट्यांत होती. मुलांनी त्यांना हात लावला नाही, त्यामुळे त्या दोन्ही आमच्या वाट्याला आल्या, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरवाळे होते. तांदळाच्या उकडीचे गोळे पाण्यात शिजवून ते लाकडी साच्यातून दाबले की पांढऱ्या शेवया पडतात, आणि त्या नारळाचे दूध, गूळ व वेलची यांच्या रसात बुडवून खातात. साचा दाबायला ताकद लागते आणि हे काम काकींचा मुलगा करतो. त्याने धाकट्याला साच्याच्या दांड्यावर हात ठेवू दिला. स्वतः पाडलेल्या शेवया त्याने रसाशिवाय, कोरड्या, दोन वेळा मागून खाल्ल्या. महामार्गावरील नूडल्सच्या तुलनेत या शेवयांत वेचण्यासारखे काही नव्हते, हे त्यामागचे साधे कारण असावे. थोरलीने मात्र रसाची वाटी गुळामुळे तपकिरी दिसते म्हणून दूर सारली. काकींनी तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या नारळाच्या दुधात साखर घालून दिली आणि तेवढ्यावर तिचा नाश्ता झाला.

माशांच्या बाबतीत त्यांनी एक चांगली सूचना केली. बांगड्याला काटे फार आणि सुरमईचा तुकडा मुलांना जाड वाटतो, म्हणून त्यांनी मुडदुशे घ्यायला सांगितले. हा मासा मऊ आणि सौम्य चवीचा असतो आणि तिकडे तो लहान मुलांना व आजारातून उठलेल्या माणसांना आवर्जून देतात. रव्यात घोळवून तळलेल्या दोन मुडदुशांपैकी थोरलीने रव्याचे कवच सोलून खाल्ले आणि आतला मासा ताटाच्या कडेला नीट रांगेत लावून ठेवला. मी ओशाळून काही बोलणार, तोच काकी म्हणाल्या, "ऱ्हवांदे, मांजराक घालतंय." मांजर खरोखरच खुर्चीखाली बसलेले होते. शेवटच्या दिवशी मांजराला देण्यापूर्वी मुलीने त्या माशाचा नखाएवढा तुकडा तोंडात घातला आणि गिळला. तिने त्याबद्दल काहीही मत दिले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मुलांचे खाणे या विषयावर काम करणाऱ्या एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी जबाबदारीची एक विभागणी मांडलेली आहे. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, तर खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. मी ती वाचलेली आहे, मला ती पटतेही, आणि उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरून कोणी पाहू लागले की मी ती तत्काळ विसरतो. काकींच्या पडवीत पाहणारे कोणी नव्हते, एक घास तरी घे असा आग्रह नव्हता, आणि मुले उठून अंगणात कोंबड्यांमागे गेली तरी त्यांचे ताट कोणी उचलत नव्हते. तीन दिवसांत मी मुलांना एकदाही रागावलो नाही, असे पत्नीने परतीच्या वाटेवर सांगितले.

सोलकढीबाबतचा अनुभव मिश्र आहे. कोकमाच्या गुलाबी रंगामुळे धाकट्याला ती स्ट्रॉबेरीचे दूध वाटली आणि त्याने मोठा घोट घेतला. लसूण आणि मिरची लागताच पुढे काय झाले हे लिहिण्याची आवश्यकता नाही. यात खानावळीची चूक नाही, सांगायला हवे होते ते मी. अन्य पालकांनी ही दक्षता घ्यावी.

आता उणिवा. येथे सर्व काही सांगितल्यानंतर शिजते, त्यामुळे जेवण समोर यायला पाऊण तास लागू शकतो. भुकेलेल्या मुलांसाठी पाऊण तास फार मोठा असतो, म्हणून थोडे आधीच सांगून ठेवावे. दुपारचे जेवण सकाळी दहापर्यंत कळवावे लागते, कारण मासे त्यानंतर आणले जातात. सोमवारी त्या घरात मासे शिजत नाहीत. चहा चांगला मिळतो, कॉफी मात्र नावापुरती असते. संध्याकाळी पडवीत डासांचा त्रास होतो आणि हात धुण्याचे बेसिन अंगणापलीकडे आहे, जिथे रात्री दिवा नाही. लहान बाळासाठी उंच खुर्ची नाही. जवळजवळ प्रत्येक पदार्थात नारळ असतो, तेव्हा ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांच्यासाठी ही जागा सोयीची नाही. ज्यांची मुले पनीर आणि पिझ्झ्यावरच जेवतात त्यांनीही तेथे जाण्याआधी विचार करावा, कारण यांपैकी काहीही तेथे मिळत नाही.

आमच्या वेळचे दर नोंदवतो. सुरमईची थाळी 400 रुपये, मुडदुशांची 350, शाकाहारी थाळी 180, शिरवाळ्यांची बशी 100, भाताची वेगळी वाटी 40, तांदळाची भाकरी 20 आणि घावणा 15 रुपयांना एक. मुलांसाठी थाळीची सक्ती नाही, जे खाल्ले त्याचेच पैसे घेतले जातात. आमच्यासारख्या कुटुंबाला या एका नियमाची किंमत मालवणच्या त्या चार थाळ्यांनंतर नेमकी समजते. निघताना काकींनी वहीच्या कागदावर हिशेब लिहून दिला. त्यात नगांचा सर्वांत मोठा आकडा घावण्यांपुढे होता, 31. सुरय भाताच्या वाट्या त्यांनी मोजल्याच नव्हत्या. मी आठवण करून दिल्यावर त्यांनी चार लिहिल्या, प्रत्यक्षात त्या सहा होत्या.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही नॉनस्टिक तव्यावर घावणे करून पाहिले. पीठ तेच होते, काकींनीच बांधून दिले होते, परंतु जाळी पडली नाही आणि कडाही मऊच राहिल्या. थोरलीने एक घावणा उजेडात धरून पाहिला, याला भोके नाहीत असे सांगितले आणि दहीभात मागितला. मे महिन्यासाठी वरची एक खोली सांगून ठेवली आहे. येताना मालवणच्या बाजारातून बिडाचा तवा आणायचा आहे.