साडेचारचा फोन : टाळेबंदीतील एका समुपदेशन सेवेविषयी

टाळेबंदीच्या काळात एका स्वयंसेवी संस्थेने चालविलेली दूरध्वनी-समुपदेशन सेवा आमच्या घरातील तीन पिढ्यांनी वापरली. ज्येष्ठांसाठी ती उत्तम होती, मुलांसाठी फारच अपुरी. पुढे तक्रारीही असल्याने संस्थेचे नाव देत नाही.

आई तेव्हा 74 वर्षांची होती. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली, 65 वर्षांवरील व्यक्तींनी घराबाहेर पडू नये अशा सूचना आल्या आणि तिचा बागेतला कट्टा, भजनी मंडळ, भाजीवालीशी होणारी रोजची घासाघीस हे सारे आठवड्याभरात बंद झाले. दोन खोल्यांत पाच माणसे असूनही ती एकटी पडली, कारण आम्ही बाकीचे लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेलो असायचो. संस्थेची स्वयंसेविका दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी साडेचारला फोन करीत असे. आई सव्वाचारलाच साडी बदलून, केस विंचरून फोनजवळ खुर्ची ओढून बसे. कैरीच्या लोणच्याला मोहरी किती घालावी येथून सुरू झालेले बोलणे वडिलांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत जाई, ज्याविषयी ती आमच्यापैकी कोणाशीही कधी बोलली नव्हती. त्या बाईंनी उपदेश केला नाही आणि मागच्या वेळचे बोलणे त्या विसरत नसत, हे मला विशेष वाटले.

मुलाचा अनुभव नेमका उलटा होता. त्याचा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी लांबला, मग रद्दच झाला. सुटलास म्हणून आम्ही हसलो खरे (आज त्याची लाज वाटते), पण मित्रांचा निरोप न घेताच त्याची शाळा संपली होती. गच्चीला सोसायटीने कुलूप लावल्यामुळे तो जिन्यात बसून, आवाज दाबून बोले. दर वेळी नवा समुपदेशक, पुन्हा पहिल्यापासून हकीकत आणि अखेरीस दिनक्रम व प्राणायामाची तीच यादी. लिहून बोलण्याची सोय असती, तर तो टिकला असता. तिसऱ्या फोननंतर त्याने नाद सोडला.

मला गरज भासे ती रात्री दोनला, आणि सेवा सायंकाळी सातला बंद होई. आता ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही उपलब्ध आहे.

संस्थेने पुढे ज्येष्ठांचे फोन थांबविले, तेही एका एसएमएसने. आईला तो वाचता आला नाही. पुढच्या शुक्रवारी ती सव्वाचारला तयार होऊन बसली होती.