रोड, ट्रॅक की एमटीबी: गोव्यातल्या होतकरू सायकलपटूने कोणती जोडी निवडावी?

एकाच प्रकारात शर्यती करायच्या की दोन-तीन प्रकार सांभाळायचे, याचा निर्णय ज्युनिअर गटात असतानाच, म्हणजे १७-१८ व्या वर्षी, घेतलेला बरा. वय कॅलेंडर वर्षावरून मोजतात. १९ ते २२ ही चार वर्षं तेवीस वर्षांखालील गटाची, आणि तिथे पोचेपर्यंत मुख्य प्रकार ठरला नसेल तर ती चारही वर्षं चाचपडण्यात जातात. पण 'मला सगळंच आवडतं' म्हणून सगळं करणारे टिकत नाहीत. टिकतात ते एकमेकांना पूरक असलेली जोडी धरणारे. अशा जोड्या मुख्यतः दोन: रोड आणि ट्रॅक एन्ड्युरन्स (तिरक्या कडांच्या गोलाकार ट्रॅकवरच्या लांब दमाच्या शर्यती), किंवा एमटीबी (माउंटन बाइक) आणि रोड, ज्याला युरोपात सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल-गवतातल्या छोट्या फेऱ्यांच्या शर्यतींची, भर पडते. बीएमएक्समधून (छोट्या सायकलींच्या उंचसखल मातीतल्या शर्यती) ट्रॅक स्प्रिंटकडे जाणारी तिसरी वाटही आहे. ट्रॅक स्प्रिंटचा ऑलिंपिक विजेता ख्रिस हॉय लहानपणी बीएमएक्सच करायचा. पण त्या प्रकारात मांड्यांची ताकद आणि वजन वाढवावं लागतं आणि तेच वजन घाटात नडतं, त्यामुळे ती वाट रोडशी जुळत नाही.

शरीर कुठली जोडी मानतं

ट्रॅकवरचं टीम परस्यूट, म्हणजे चौघांच्या संघाची घड्याळाशी शर्यत, ४ किलोमीटरचं असतं. पॅरिसमध्ये २०२४ साली ऑस्ट्रेलियाने ते ३ मिनिटं ४०.७३० सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रम केला. एवढ्या कमी वेळाचं काम असूनही त्यातली बरीचशी ऊर्जा प्राणवायूच्या जोरावरच मिळते, म्हणून रोडवरच्या लांब सरावाचा पाया इथे थेट उपयोगी पडतो. फिलिपो गान्ना हे ठळक उदाहरण: रोडवर २०२० आणि २०२१ चा टाइम ट्रायल विश्वविजेता, आणि ट्रॅकवर २०२२ मध्ये तासाभरात ५६.७९२ किलोमीटर. एलिया विवियानी २०१६ मध्ये ऑम्नियमचा (अनेक ट्रॅक शर्यतींची एकत्रित स्पर्धा) ऑलिंपिक विजेता होता आणि रोडवर अव्वल स्प्रिंटर. पॉइंट्स रेस आणि मॅडिसन या ट्रॅकवरच्या सामूहिक शर्यतींमध्ये भरगच्च गटात जागा कशी धरायची हे जसं शिकायला मिळतं, तसं रोडवर शिकायला कित्येक हंगाम लागतात.

एमटीबीच्या क्रॉसकंट्रीचा स्वभाव वेगळा. शर्यत ८० ते १०० मिनिटांची, पण निम्मा निकाल पहिल्या मिनिट-दीड मिनिटातच लागतो, कारण अरुंद पायवाटेवर मागे अडकलात तर पुढे जायला जागाच नसते. त्यानंतर दर चढावर जोर, दर उतारावर थोडा श्वास. सायक्लोक्रॉस तासाभराचं आणि त्याच धाटणीचं, म्हणून हे दोन्ही एकाच शरीराला झेपतं. टॉम पिडकॉकने टोकियो आणि पॅरिस अशी दोन्ही क्रॉसकंट्री सुवर्णपदकं घेतली, २०२२ मध्ये सायक्लोक्रॉसचा विश्वविजेता झाला आणि त्याच वर्षी टूर दे फ्रान्समध्ये आल्प द्युएझचा टप्पा जिंकला. त्या दिवशी गालिबिएच्या उतारावर त्याने जी आघाडीची वाट धरली, ती कमाई मातीतल्या सरावाचीच. पोलीन फेराँ-प्रेव्होकडे २०१५ मध्ये रोड, सायक्लोक्रॉस आणि एमटीबी असे तिन्ही विश्वविजेत्याचे जर्सी एकाच वेळी होते. मारियान फोसने २००८ ला ट्रॅकवर आणि २०१२ ला रोडवर ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, शिवाय सायक्लोक्रॉसची आठ विश्वविजेतेपदं. पण तिच्याकडे बघून आपलं वेळापत्रक आखू नये. ती अपवाद आहे.

गोव्याची जमीन काय देते

ट्रॅकचा हिशोब इथे चटकन आटोपतो. गोव्यात वेलोड्रोम, म्हणजे ट्रॅक सायकलिंगचं मैदान, नाही. २०२३ च्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचं यजमानपद गोव्याकडे असूनही ट्रॅकच्या शर्यती दिल्लीत घ्याव्या लागल्या. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातला लाकडी ट्रॅक, पतियाळा किंवा तिरुवनंतपुरम, यापैकी कुठेतरी राहायला जाणं हाच ट्रॅकचा खरा अर्थ. सुट्टीत पंधरा दिवस जाऊन ट्रॅक येत नाही. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि गिअर फिक्स असतो. तिचा सराव पणजी-म्हापसा रस्त्यावर करणं म्हणजे शुद्ध आत्मघात. घरी रोलर्सवर (जागेवरच सायकल चालवायचे फिरते दंडगोल) मिनिटाला ११०-१२० फेऱ्यांच्या लयीने पाय फिरवण्याची सवय मात्र लावता येते.

रोडसाठी चोर्ला हे गोव्याचं मोठं भांडवल. केरी गावापासून चढ सुरू होतो आणि घाट साधारण ८०० मीटर उंचीपर्यंत नेतो, त्यामुळे आठ-आठ मिनिटांचे चार जोर एकाच चढावर, लय न तोडता घेता येतात. शनिवार-रविवारी बेळगावकडची गर्दी असते, म्हणून घाट मधल्या वारी आणि उजाडताच. अनमोडला अवजड ट्रक फार. सपाटीवर गटाने सराव करायला गोव्यात जागाच कमी, आणि डिसेंबरात पर्यटकांच्या गाड्यांमुळे किनारपट्टी जवळजवळ बादच होते. इथे अनेकांची सायकलिंगशी ओळख ट्रायथलॉनमधून होते, त्याचाही एक तोटा आहे. आयर्नमॅन ७०.३ मध्ये ९० किलोमीटर एकट्याने, दुसऱ्याच्या मागचा आडोसा न घेता चालवायचे असतात. रोड रेसमध्ये तो आडोसा घेणं हेच कौशल्य, आणि एअरोबार (पुढे झुकून हात टेकवायचे दांडे) लावलेली सायकल सामूहिक सुरुवातीच्या शर्यतीत चालत नाही.

एमटीबीला मात्र दारातच माती आहे. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोडा इथल्या जांभ्याच्या पायवाटा कोरड्या असताना बारीक गोट्यांमुळे पुढचं चाक सरकवतात आणि ओल्या झाल्या की साबणासारख्या. वजन पुढच्या चाकावर किती ठेवायचं हे त्या एका हंगामात शिकवतात. खाणींच्या हद्दीत मात्र शिरू नये. परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय पाण्याने भरलेल्या खड्ड्यांच्या कडा ढासळतात. जून ते सप्टेंबर डांबरावर, विशेषतः झाडांच्या सावलीतल्या वळणांवर, शेवाळ धरतं. त्या काळात उतारावरची घाई बंद. रोडचे लांब पल्ले चवथीनंतरच वाढवावेत.

दोन सायकली, एक शरीर

दोन प्रकार सांभाळताना आधी गुडघे बोलतात. ट्रॅकवर क्रँक (पेडलचा दांडा) बहुधा १६५ मिमी, कारण तिरक्या ट्रॅकवर पेडल घासायला नको. रोडवर १७० ते १७२.५, एमटीबीवर १७० ते १७५. क्रँक ७.५ मिमीने आखूड झाला तर सीट तेवढीच वर घ्यावी लागते. ती न घेता आठवडाभर चालवलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. एमटीबीची पेडलं रोडपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब असतात, हाही फरक शरीराला सवयीने पचवावा लागतो. शक्य असेल तर दोन्ही सायकलींवर एमटीबीचीच, बुटाला दोन स्क्रूंनी बसणाऱ्या कडीची पेडलं आणि एकच बूट वापरावेत. पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारं उपकरण) त्याच पेडलांत असला की एकाच उपकरणात दोन्हीकडचे आकडे मिळतात आणि तुलना खरी होते.

पहिली सायकल कोणती? २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली एमटीबी), पुढे १०० ते १२० मिमीचा फोर्क, एक चेनरिंग आणि १२ गिअर. ६५ किलोच्या स्वाराला २.२५ रुंदीच्या ट्युबलेस टायरमध्ये पुढे १९-२० आणि मागे २१-२२ पीएसआय हवेचा दाब पुरतो. दगड जास्त असतील तर दोन वाढवा, नाहीतर रिम ठोकर खाईल. सीलंट (टायरमधलं छिद्र बुजवणारं द्रव) इथल्या उष्णतेत लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी तपासून भर घालावी. ओला जांभा रेझिनचे ब्रेकपॅड भराभर खातो, पावसाळ्यात मेटलचे घ्या. खाऱ्या हवेने बेअरिंग गंजतात. चेन मापकावर ०.५ टक्के ताण दिसला की बदलायची, नाहीतर महागडी कॅसेटही तिच्याबरोबर जाते.

रोडला २८ मिमी ट्युबलेस टायर, ६५ ते ७० पीएसआय. ट्रॅकला सुरुवातीला ५० × १४ चा गिअर चालतो. पेडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेसात मीटर, म्हणजे १०० च्या लयीला ताशी ४५ किलोमीटर.

आठवड्याला १० ते १२ तास. दोन प्रकार म्हणून तास दुप्पट करणं ही हमखास होणारी चूक. जोराचे दिवस दोनच: मंगळवारी एमटीबीच्या सुरुवातीसारखे छोटे स्फोट, गुरुवारी घाट. शनिवारी ८० ते १०० किलोमीटर, रविवारी दीड तास पायवाट, तीही आरामात. दमट हवेत तासाला ५०० ते ८०० मिली पाणी, त्यात मीठ, आणि ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात. परतल्यावर मीठ घातलेली पेज आणि मोयरी केळी कुठल्याही डबाबंद पावडरीइतकीच काम करतात.

वेळापत्रक आणि पोट

एमटीबी आणि सायक्लोक्रॉसमध्ये सुरुवातीच्या रांगा क्रमवारीच्या गुणांवर लागतात. रोडवर रमलात की गुण आटतात आणि परतल्यावर मागच्या रांगेतून निघावं लागतं. दुसरी किंमत तयारीची. मॅथ्यू व्हॅन डर पोल २०२१ मध्ये टूरमध्ये सहा दिवस पिवळ्या जर्सीत होता, ऑलिंपिकसाठी ती अर्ध्यात सोडून आला, आणि टोकियोच्या एमटीबी शर्यतीत एका खडकावरून उतरताना तिथे फळी असेल असं गृहीत धरून पडला. सरावाच्या वेळी ती होती, शर्यतीत काढलेली होती.

उपजीविकेचा प्रश्न येतो तिथे दोन्ही पारडी उलट फिरतात. भारतात सायकलपटूला स्थैर्य बहुधा रेल्वे, सेनादल किंवा पोलिसांतल्या क्रीडा कोट्यातून मिळतं, आणि त्याला पदक लागतं. रोडवर पदकं मोजकी. ट्रॅकवर स्प्रिंट, किरिन, परस्यूट, स्क्रॅच, पॉइंट्स, एलिमिनेशन अशा अनेक स्पर्धा, म्हणून संधीही जास्त. परदेशातल्या व्यावसायिक संघाचा करार हे ध्येय असेल तर रोडचे निकाल पाहिले जातात. आपल्याकडे युसीआय (जागतिक सायकलिंग महासंघ) दर्जाच्या शर्यती विरळ, जानेवारी २०२६ ची पुणे ग्रँड टूर म्हणून महत्त्वाची. एमटीबीत जागाच थोड्या: पॅरिसमध्ये रोड रेसला पुरुष आणि महिला प्रत्येकी ९०, एमटीबीला प्रत्येकी ३६.

तेव्हा घर सोडून वसतिगृहात राहायची तयारी असेल आणि नोकरी हा पहिला हेतू असेल, तर ट्रॅक आणि रोड, आणि निर्णय लवकर. गोव्यातच राहून बारावी-पदवी करायची असेल तर एमटीबी मुख्य, रोड जोडीला. चढावर चांगला पण गर्दीत घाबरणाऱ्याने दोन हंगाम एमटीबीत काढून मग रोडवर यावं. सपाटीवर दणकट पण वजनाने भारी असलेल्याने मातीत वेळ घालवू नये, त्याला दिल्लीच्या ट्रॅकवर एकदा नेऊन घड्याळ लावावं. राज्य बदलायचं ठरलं तर संघटनेचं ना-हरकत पत्र हंगाम सुरू होण्याआधी हातात हवं. राज्य निवड चाचणी झाल्यावर ते मागायला गेलात तर वर्ष वाया जाऊ शकतं.