कोडिंग शिकताना दोषांची वही: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

फुल स्टॅकचा क्लास लावलेला असो, हार्वर्डच्या सीएस५० सारखा मोफत अभ्यासक्रम असो किंवा वेब डेव्हलपमेंट शिकवणारा ओडिन प्रोजेक्ट, शिकणाऱ्याला "रोज काय शिकलात ते लिहून ठेवा" असं कुणी ना कुणी सांगतंच. २०१६ मध्ये अलेक्झांडर कॅलवे यांनी सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या कोडिंगच्या उपक्रमातही रोज किमान एक तास कोड आणि सोबत त्याची नोंद अशीच आखणी आहे. बसायची सवय लागायला ती रोजनिशी उत्तम. पण दोन-तीन महिन्यांनी उघडली की "आज लूप्स संपवले", "आज डोक्यावरून गेलं" अशा ओळी दिसतात, आणि पुढच्या आठवड्यात नेमकं काय सुधारायचं ते त्यातून कळत नाही. हा अनुभव वेगळ्या वहीचा आहे. तिच्यात शिकलेलं काही लिहायचं नसतं, फक्त आपल्या कोडमध्ये निघालेले दोष लिहायचे असतात.

कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिताना १९७८ पासून तिच्यातल्या चुकांची नोंद ठेवली, प्रत्येक चुकीला प्रकारानुसार एक अक्षर दिलं (विसरलेलं काम, टंकनाची चूक, अल्गोरिदमची चूक वगैरे) आणि १९८९ मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांनी नव्वदच्या दशकात याची रीतसर शिकवणी बनवली, 'पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस' या नावाने. तिच्यात दोषांचे दहा प्रकार आहेत आणि त्यांना १० ते १०० असे आकडे आहेत: १० डॉक्युमेंटेशन, २० सिंटॅक्स म्हणजे भाषेचं व्याकरण, ३० बिल्ड आणि पॅकेज, ४० असाइनमेंट, ५० इंटरफेस म्हणजे फंक्शनला हाक मारताना किंवा माहिती देता-घेताना होणारी चूक, ६० तपासण्या, ७० डेटा, ८० फंक्शन म्हणजे मूळ तर्क, ९० सिस्टिम, १०० एन्व्हायर्नमेंट म्हणजे भोवतालची साधनं. प्रत्येक दोष कुठल्या टप्प्यावर घुसला, कुठल्या टप्प्यावर सापडला आणि काढायला किती मिनिटं लागली, हेही लिहायचं.

मूळ पद्धत जशीच्या तशी शिकणाऱ्याला झेपत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. तिच्यात प्रत्येक कामाचा वेळ मिनिटांत, मधले व्यत्यय वजा करून, वेगळ्या तक्त्यात भरायचा असतो. प्रोग्रॅम किती ओळींचा होईल त्याचा अंदाजही आधी मांडायचा असतो. हवाई विद्यापीठात ॲन डिस्नी आणि फिलिप जॉन्सन यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की हाताने भरलेल्या या तक्त्यांमध्येच चुका राहतात. म्हणून वेळेचा तक्ता सोडून दिला आणि दोषांचा तेवढा ठेवला. त्यात आठ रकाने उरले: तारीख, प्रकार, कुठे घुसला, कुठे सापडला, मिनिटं, अंदाज, प्रत्यक्षात काय झालं आणि का, कोड कुणाचा.

यातला 'अंदाज' हा रकाना मूळ पद्धतीत नाही, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. प्रोग्रॅम चुकीचं वागताना दिसला की कोडला हात लावण्याआधी एक ओळ लिहायची: मला काय अपेक्षित होतं आणि चूक कुठे असावी असं वाटतं. दोष निघाल्यावर शेजारी खरं कारण. दोन्हींमध्ये अंतर पडलं की ती गोष्ट आपल्याला समजलेली नव्हती, नुसती ओळखीची वाटत होती. अंदाज नंतर लिहिला तर रकाना फुकट जातो, कारण उत्तर कळल्यावर "मला वाटलंच होतं" असंच आठवतं.

एक नोंद पूर्ण देतो. जावास्क्रिप्टमध्ये गुणांची यादी लहानाकडून मोठ्याकडे लावायची होती. अपेक्षा १, ५, १० अशी; पडद्यावर आलं १, १०, ५. अंदाज लिहिला होता, "यादी दोनदा बदलली जातेय." खरं कारण वेगळंच निघालं. सॉर्टला (क्रम लावणाऱ्या फंक्शनला) तुलना कशी करायची ते सांगितलं नाही, तर ते आकड्यांना आधी स्ट्रिंग म्हणजे मजकूर समजून अक्षरक्रमाने लावतं, आणि अक्षरक्रमात '१०' हे '५' च्या आधी येतं. पहिल्यातून दुसरा वजा करणारं छोटं फंक्शन सॉर्टला दिलं की काम होतं. प्रकार ५०. घुसला कोड लिहिताना. सापडला मात्र प्रकल्प पूर्ण झाल्यावर, कारण तोपर्यंतच्या चाचण्यांमध्ये सगळे आकडे एक अंकी होते आणि एक अंकी आकडे अक्षरक्रमानेही बरोबरच लागतात. 'कुठे घुसला' आणि 'कुठे सापडला' हे दोन रकाने शेजारीशेजारी वाचले नसते, तर "सॉर्टला तुलना द्यायची" एवढंच लक्षात राहिलं असतं. खरी उणीव चाचणीसाठी आकडे निवडण्यात होती: शून्य, ऋण, दोन अंकी, रिकामी यादी यांपैकी एकही घेतला नव्हता. ती उणीव पुढे कुठल्याही भाषेत नडली असती.

आठवड्यातून एकदा, अर्धा तास काढून वही वाचायची. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो तो दोष मोजण्यात. मोजायची असतात मिनिटं. सुरुवातीला सिंटॅक्सच्या नोंदी ढिगाने असतात, पण एडिटर लाल रेघ ओढून लगेच दाखवत असल्याने त्यांचा मिळून वेळ नगण्य. उलट इंटरफेसच्या दोन-तीन नोंदी अख्खी दुपार खाऊन जातात: अवेट (उत्तर येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द) लिहायचं राहिलं म्हणून माहितीऐवजी नुसतं प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) हातात येणं, फॉर्ममधून आलेला आकडा मुळात स्ट्रिंग असल्याने २ आणि ३ ची बेरीज २३ होणं, तारखेच्या ऑब्जेक्टमध्ये जानेवारी शून्यापासून मोजला जाणं. जिथे मिनिटं जास्त तिथला विषय पुढच्या आठवड्यात पक्का करायचा. नवीन फ्रेमवर्कचा मोह आवरायला या बेरजेइतकं कामाचं दुसरं काही मिळालं नाही.

वाचनातून तपासणीची यादी तयार होते, आणि तीही छोटीच हवी, पाच-सहा प्रश्नांची. कमिट करण्याआधी, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये बदल नोंदवण्याआधी, गिट डिफ (काय बदललं ते दाखवणारी आज्ञा) 'स्टेज्ड' पर्यायासह चालवायचं आणि बदललेली प्रत्येक ओळ या प्रश्नांसकट वाचायची. बाहेरून आलेली किंमत आकड्यात बदलली का? प्रॉमिस परत करणाऱ्या प्रत्येक हाकेपुढे अवेट आहे का? रिकाम्या यादीचं काय होईल? इंटरनेटवरची तयार यादी इथे चालत नाही. तिच्यातले निम्मे दोष आपण करतच नाही, त्यामुळे डोळे नुसते फिरतात. जो प्रश्न महिनाभर एकही दोष पकडत नाही तो काढून टाकायचा.

एकच दोष तिसऱ्यांदा आला की तो यादीतून उचलून यंत्राच्या हवाली करायचा. दोन बरोबरच्या चिन्हांनी होणारी ढिली तुलना ईएसलिंटचा (कोड न चालवता तपासणाऱ्या साधनाचा) 'ईक्यूईक्यूईक्यू' नियम पकडतो. अवेट सुटलं आणि प्रॉमिस कुठेच न वापरता सोडलं गेलं, तर ते पकडायला टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचा (त्याच साधनाच्या टाइपस्क्रिप्ट भाषेसाठीच्या जोडीचा) 'नो फ्लोटिंग प्रॉमिसेस' आहे, पण त्याला टाइपची माहिती लागते, म्हणजे सेटिंगमध्ये प्रकल्पाची टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगची फाइल जोडावी लागते. ती जोडली नाही तर नियम चालतच नाही, एरर येते. पहिल्याच दिवशी सगळे नियम चालू करू नयेत. शेकडो सूचना येतात, त्या बंद करण्यात संध्याकाळ जाते आणि समजत काहीच नाही.

'कोड कुणाचा' हा रकाना हल्ली अपरिहार्य आहे. त्यात तीनच शब्द: स्वतः, ट्युटोरियल, एआय. चॅटबॉटकडून घेतलेल्या कोडमधले दोष काढायला सरासरी जास्त मिनिटं लागतात, असं वहीत सातत्याने दिसलं. कारण उघड आहे: तो कोड लिहिताना कुठलाही अंदाज मनात नव्हता, म्हणून काय बिघडलं हे विचारायलाही आधार नसतो. तेव्हापासून उसना कोड चालवण्याआधी प्रत्येक फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे एका ओळीत लिहायचा नियम ठेवला. नाही लिहिता आलं तर तो कोड घ्यायचा नाही.

आता वही कशात ठेवायची. सुरुवात मजकुराच्या साध्या फाइलने करावी, एका दोषाला एक ओळ, मधे उभी रेघ. स्वल्पविराम नको, वर्णनातच स्वल्पविराम येतात आणि रकाने सरकतात. फाइल एक्सेलमध्ये नुसती डबल क्लिक करून उघडली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. डेटा टॅबमधून मजकुराची फाइल आयात करून यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडावी. लिब्रेऑफिस कॅल्क हे उघडतानाच विचारतं. वर्णनाची सुरुवात बरोबरच्या चिन्हाने झाली तर एक्सेल त्याला सूत्र समजतं, आणि आपल्या दोषांच्या वर्णनात ते चिन्ह सारखंच येतं. आधी एखादा शब्द लिहावा. फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर गिट स्टेटस ते आकड्यांच्या माळेसारखं दाखवतं. 'कोअर कोटपाथ' ही सेटिंग फॉल्स केली की नाव नीट दिसतं.

शोधाचीही एक अडचण आहे. 'ॲरे' मधला ॲ एकच अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि अ वर चंद्र देऊनही. दिसायला सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे, त्यामुळे ग्रेपने (फाइलमधला मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) शोधलं तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत. म्हणूनच प्रकार शब्दात न लिहिता आकड्यात लिहिणं सोयीचं. एररचा संदेश मात्र जसाच्या तसा चिकटवावा, स्वतःच्या शब्दात नको. तोच दोष सहा आठवड्यांनी पुन्हा आला की त्या संदेशावरूनच सापडतो. चिकटवताना त्यात टोकन, पासवर्ड किंवा डेटाबेसचा पत्ता आलेला नाही ना, ते पाहावं. गिटमध्ये एकदा कमिट झालेली ओळ पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहते. तसं झालंच तर ते टोकन किंवा पासवर्ड लगेच रद्द करून नवा घ्यावा. वहीची रिपॉझिटरी (गिटने सांभाळलेला फोल्डर) खाजगी ठेवावी, गिटहबवर रोजच्या कामाचे हिरवे चौकोन दाखवायला ही वही नाही.

त्रास कुठे होतो तेही सांगायला हवं. पहिले दोन आठवडे लिहिण्याचा कंटाळा येतो, कारण दोष सापडल्याच्या उत्साहात थांबावंसं वाटत नाही. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागणारी नोंद टिकत नाही. १० आणि ९० हे प्रकार शिकाऊ माणसाच्या वहीत जवळजवळ रिकामेच राहतात, ते सरळ वगळावेत. ७० आणि ८० मधला फरक ठरवण्यात वेळ घालवू नये, सतत एकच बाजू घेतली म्हणजे झालं. काही महिन्यांनी दोषांची संख्या कमी होईल ही अपेक्षाही चुकीची. प्रकल्प अवघड होत जातात, दोष येतच राहतात. बदलतात ते त्यांचे प्रकार, २० आणि ४० वरून ८० आणि १०० कडे. आणि 'कुठे सापडला' या रकान्यात 'चाचणी' च्या जागी 'कमिटआधीचं वाचन' जास्त वेळा दिसू लागतं. प्रगती बघायची तर तिथे बघावी.

मुलाखतीच्या तयारीला वेगळं काही करावं लागत नाही. "सर्वात अवघड बग कोणता होता?" या प्रश्नासाठी सगळ्यात जास्त मिनिटांच्या तीन नोंदी काढाव्यात आणि अंदाज, पुरावा, कारण, पुढे काय बदललं, या क्रमाने मोठ्याने सांगून बघाव्यात.

इंटर्नशिप लागली की वहीचे दोन भाग करावेत. कंपनीचा कोड, ग्राहकाचं नाव, लॉगमधली माहिती यातलं काहीही स्वतःच्या लॅपटॉपवरच्या वहीत येता कामा नये. तिथे फक्त प्रकार, टप्पे, मिनिटं आणि कारण सर्वसाधारण शब्दांत. त्याऐवजी कोड रिव्ह्यूमध्ये वरिष्ठांनी दिलेला प्रत्येक शेरा एक दोष म्हणून नोंदवावा, 'कुठे सापडला' मध्ये 'रिव्ह्यू' लिहून. व्हेरिएबलच्या नावाबद्दलचा शेरासुद्धा. नावांबद्दल तीनदा सांगावं लागलं तर तो प्रश्न यादीत सगळ्यात वर जातो.