वाईचा सूर्यास्त सांगणारे अ‍ॅप: कोणत्या आकड्यावर विसंबावे

गावाचे नाव टाकले की त्या दिवसाचा सूर्यास्त, संधिप्रकाशाचे तीन टप्पे आणि रात्र पडण्याची वेळ सांगणारे एक मोफत अ‍ॅप मी बऱ्याच काळापासून वाईत वापरत आहे. अशा बहुतेक सेवांचे गणित एकाच साच्यातले असते, त्यामुळे येथे अ‍ॅपचे नाव न देता त्याच्या उपयुक्ततेविषयीच लिहितो.

पहिला लाभ असा की वाईला वाईची वेळ मिळते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बहुधा मुंबईची वेळ छापलेली असते आणि आपण त्यातून चार मिनिटे वजा करून काम भागवतो, कारण वाई मुंबईच्या सुमारे एक अंश पूर्वेला आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे लागतात. पण वाई दक्षिणेलाही एका अंशाहून थोडी अधिक सरकलेली असल्यामुळे हा फरक वर्षभर सारखा राहत नाही. 21 जूनच्या सुमारास तो सहा मिनिटांवर जातो (मुंबईत सात वाजून अठरा-एकोणीस मिनिटे, तर वाईत 7.12), आणि डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम दोन मिनिटांवर येतो. वार्षिक तक्ता पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते: सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त 22 डिसेंबरचा नसून नोव्हेंबरच्या अखेरचा, सुमारे 5.57 चा आहे. काही वेळा फोन ठिकाण म्हणून पुणे धरतो, पण पुण्याचा रेखांश जवळपास वाईचाच असल्यामुळे त्याने एखाद्या मिनिटाहून अधिक बिघडत नाही.

माझी खरी तक्रार ‘सूर्यास्त’ या रकान्याबद्दल आहे. सूर्यबिंबाची वरची कड सपाट, मोकळ्या क्षितिजाखाली जाते तो क्षण अ‍ॅप सांगते; त्यासाठी बिंबाचा केंद्रबिंदू क्षितिजाखाली 50 कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) गेलेला धरतात, त्यांपैकी 34 कला वातावरणातील वक्रीभवनाच्या, म्हणजे हवेतून येताना किरण वाकण्याच्या, आणि 16 बिंबाच्या त्रिज्येच्या. वाईच्या पश्चिमेला मात्र पाचगणीच्या बाजूचे डोंगर उभे आहेत. हिवाळ्यात गणपती घाटावर उभे राहिल्यास सूर्य डोंगराआड जातो, कृष्णेच्या पाण्यावर सावली पसरते, ती पायऱ्या चढत ढोल्या गणपतीच्या देवळाच्या शिखरापर्यंत पोहोचते, आणि तरीही पूर्वेकडच्या डोंगरमाथ्यांवर पिवळे ऊन टिकून असते; फोनवरचा सूर्यास्त अजून व्हायचाच असतो. डोंगराची कड क्षितिजापासून चार अंश वर असेल तर सूर्य वीसेक मिनिटे आधीच दिसेनासा होतो. महाबळेश्वरात याच्या उलट घडते. सुमारे 1,350 मीटर उंचीवरून पश्चिमेला कोकणाकडे पाहताना क्षितिज खाली गेलेले असते आणि सूर्य चार-पाच मिनिटे अधिक दिसत राहतो. अ‍ॅप मात्र या दोन गावांच्या सूर्यास्तात मिनिटभराचाच फरक दाखवते, आणि तोही सेकंदांसह! वक्रीभवन हवेच्या तापमानानुसार व दाबानुसार बदलत असताना सेकंद दाखवणे मला पटत नाही.

संधिप्रकाशाचे रकाने मात्र मनापासून वाखाणावेत इतके विश्वसनीय आहेत, कारण सूर्य क्षितिजाखाली 6, 12 आणि 18 अंश गेल्याचे ते क्षण डोंगरांमुळे बदलत नाहीत. सूर्यास्तानंतरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सुमारे 22 ते 24 मिनिटे, दिव्याशिवाय अंगणातली कामे उरकता येतात आणि पसरणीच्या घाटातली वळणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शेतावरून परतणाऱ्याने किंवा घाट उतरणाऱ्याने हा रकाना अवश्य पाहावा, सूर्यास्ताचा नव्हे. अठरा अंशांची खरी रात्र सूर्यास्तानंतर ऋतूनुसार 72 ते 82 मिनिटांनी होते. आकाशगंगा पाहायची असेल तर त्यापूर्वी दुर्बीण मांडून घाई करण्यात अर्थ नाही, आणि चंद्र आकाशात असेल तर त्यानंतरही फारसे हाती लागत नाही. चंद्रोदयाची वेळ त्याच पानावर दिली आहे, ही चांगली सोय आहे.

प्रदोषाची पूजा करणारे आणि रोजा सोडणारे या दोघांनीही डोंगराआड गेलेल्या सूर्यावर न जाता अ‍ॅपमधल्या सूर्यास्तावर जावे आणि वर दोन-तीन मिनिटे थांबावे, असे मी सुचवेन. ईशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजासाठी सूर्य क्षितिजाखाली 18 किंवा 15 अंश गेल्याची वेळ निवडता येते. या दोन मोजणींत आपल्याकडे सुमारे तेरा मिनिटांचे अंतर पडते, म्हणून गावातल्या मशिदीची पद्धत विचारूनच तो पर्याय निवडावा. दुर्दैवाने हा पर्याय सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर दडवलेला आहे आणि अंश म्हणजे काय, याचे एका ओळीचेही स्पष्टीकरण मराठीत नाही.

आपल्या पश्चिमेचा डोंगर किती अंश उंच आहे, हे वापरणाऱ्याला भरता आले तर दोन वेगळे रकाने दाखवता येतील: सूर्य दिसेनासा होण्याचा आणि सूर्यास्ताचा. गणित अवघड नाही. ही एक सोय केल्यास वर्षाला वाजवी वर्गणी भरायला मी आनंदाने तयार आहे; तोवर पाचपैकी साडेतीन गुण.