लीगल डिपार्टमेंटचं सॉफ्टवेअर: चिपळुणात दोन वर्षं वापरून

आधी सांगते आम्ही हे घेतलं का. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमची लीगलची कपाटं तळमजल्यावर होती, पाणी ओसरल्यावर फायली उघडल्या तर पानं एकमेकांना चिकटून नुसता लगदा. खरेदीखतांच्या नकला दुय्यम निबंधकाकडून परत काढता आल्या, पण व्हेंडरांच्या साध्या अॅग्रीमेंटच्या सह्या केलेल्या प्रती गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून मी मॅनेजमेंटच्या मागे लागले होते, शेवटी दोन वर्षांपूर्वी घेतलं. अॅग्रीमेंट, नोटिसा, कोर्टाच्या तारखा सगळं एकाच जागी, सर्व्हर बाहेर, त्यामुळे पाऊस कितीही पडो रात्री झोप लागते. ह्या एका गोष्टीसाठीच पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

तारखांचं काम खरंच छान करतं. सीएनआर नंबर (कोर्टाने प्रत्येक केसला दिलेला ओळख क्रमांक) टाकला की केसची पुढची तारीख आपोआप येते, चिपळूण, खेड, रत्नागिरी सगळीकडच्या. चेक बाउन्सचं तर विचारू नका, बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग समोरच्याला १५ दिवस, नंतर तक्रारीला एक महिना, हे आधी आम्ही डायरीत मोजायचो आणि दरवेळी धाकधूक. कमर्शियल दाव्यात मात्र समन्स हातात पडल्याची तारीख स्वतः टाकायची, ती चुकली तर सगळी मोजणी चुकते. तिथे १२० दिवसांनंतर कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, घेतच नाहीत, त्यामुळे ही नोंद मी कुणावर सोडत नाही, स्वतः करते.

ई-साइनमुळे, म्हणजे ऑनलाइन सहीमुळे, लोटे एमआयडीसीतल्या व्हेंडरकडे भर पावसात कागद घेऊन बाइकवर माणूस पाठवणं बंद झालं. कुलमुखत्यारपत्र अजून कागदावरच, ते कायद्यानेच तसं आहे, सॉफ्टवेअरचा दोष नाही.

आता खरी तक्रार. मराठी! आमचं निम्मं काम जमिनीचं आणि कोकणातल्या जमिनीचा सातबारा म्हणजे एका गटावर आजोबांपासूनचे हिस्सेदार, त्यातले अर्धे मुंबईला, वर इतर हक्कात कुळाची नोंद. हे स्कॅन करून टाकलं की सॉफ्टवेअरला ते फक्त चित्र दिसतं, नाव टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. हाताने लिहिलेले जुने फेरफार समजू शकते, पण टाइप केलेलं खरेदीखतसुद्धा वाचत नाही हो, आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फायली उघडल्या की नुसती चिन्हं. इंग्रजी अॅग्रीमेंटमधलं कलम दोन सेकंदात काढून देणारं सॉफ्टवेअर मराठी कागदापुढे आंधळं होतं. शेवटी गावाचं नाव, गट नंबर आणि प्रत्येक हिस्सेदाराचं नाव आम्ही दोघी हाताने भरतो. महाराष्ट्रात विकताय तर हे आधी करायला हवं होतं.

अजून एक, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं, रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं काम तिकडे गेलं, पण सॉफ्टवेअरच्या कोर्टांच्या यादीत कोल्हापूरच नव्हतं, तीन मेल केल्यावर आलं. सपोर्टवाली मुलं बोलायला चांगली आहेत, फोन उचलतात.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे, घेणारच आहोत, फक्त यंदा मराठी सर्च कधी देणार ती तारीख अॅग्रीमेंटमध्ये लेखी घालायला सांगितलीय. ड्राफ्ट मीच पाठवलाय, उत्तराची वाट बघतेय.